हवेचा फोटो

"सोड तिचा हात," धोंडूबाई म्हणाली, आणि आबाजीनं सोडायच्या आतच तिनं नातीला त्याच्या पुढ्यातून ओढून घेतलं.

कुंभिवलीच्या शाळेच्या पडवीत देवी टोचायचं काम चाललं होतं. पंधरा-वीस बायका पोरं कडेवर घेऊन रांगेत उभ्या होत्या. खुर्चीवर आबाजी घारे, पुढे स्टुलावर स्पिरिटचा दिवा आणि लशीच्या कुप्या. दंडावर लशीचा थेंब ठेवायचा, त्यावर दातेरी चकती टेकवून एकदा फिरवायची, की झालं. बावीस वर्षं खालापूर तालुक्यात तो हेच करत आला होता. गावोगावचे लोक त्याला देवीडाक्टर म्हणत.

गेलं वर्षभर त्याचा उजवा हात कापत होता. डाव्या हातानं मनगट दाबून धरलं की चकती नीट बसते, ही युक्ती त्यानं शोधून काढली होती. त्या दिवशी हातानं दगा दिलाच नाही. दगा तोंडानं दिला. पोरीच्या दंडावर तो वाकला आणि ओठाच्या कोपऱ्यातून लाळेची एक तार लोंबत खाली आली, ती नेमकी लशीच्या थेंबावर पडली.

"सकाळच्या पारी घेऊन आलाय जनू," धोंडूबाई रांगेकडे वळून म्हणाली. "तोंडातली लाळ सावरत नाय, आन पोरास्नी टोचतोय."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. बायकांनी आपापली पोरं पदराआड घेतली आणि रांग आपोआप मागे सरकली.

आबाजी दारूच्या वाटेला कधी गेला नव्हता. दारू दूरच, दुसऱ्याच्या पेल्यानं पाणी पीत नसे. पिशवीत स्वतःचा पेला, स्वतःचा पंचा, नखं घासायला काथ्याची चिंधी. शेंबडी पोरं, माश्या बसलेले डोळे, अंगणातलं शेण हे सगळं पाहून त्याला आतून मळमळायचं. पोरांचे दंड तो दोन बोटांत धरायचा, आणि गावाबाहेर पडला की ओढ्यावर कोपरापर्यंत हात धुवायचा. असला माणूस आता पंधरा-वीस बायांसमोर स्वतःची लाळ स्वतःच्या बाहीला पुसत होता. त्याला स्वतःचीच अशी किळस आली की दात एकमेकांवर आवळले गेले.

पण चेहऱ्यावर काही उमटलं नाही. त्याचा चेहराही वर्षभरात हळूहळू थिजत गेला होता. हसू, राग, लाज, काहीच वर येत नसे. बायकांना तेही निलाजरेपणाचं लक्षण वाटलं.

बुधाजी ठोंबरे शाळेच्या कुडाला टेकून हे पाहत होता. तो पुढे आला, त्यानं स्टुलावरचा दिवा विझवला, कुप्या पेटीत ठेवल्या आणि पेटी उचलून म्हणाला, "चला डाक्टर, घरी. च्या घेऊ."

बुधाजी आबाजीच्याच वयाचा, भातशेती करणारा गडी. कुंभिवलीला आलं की दुपारी त्याच्या ओटीवर आडवं व्हायचं, ही आबाजीची बारा-पंधरा वर्षांची रीत होती. अख्ख्या गावात एवढ्या एकाच घरचा चहा तो पीत असे. ओटीवर बसल्यावर बुधाजीनं आपला डावा हात पुढे केला. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर घासत होतं, जणू विडी वळतोय.

"माजं बी चालू झालंय बगा," तो म्हणाला. "बांधावरनं चालाया लागलो की पाय आपसूक धावत सुटतात. मागल्या हप्त्यात वाफ्यात तोंडावर पडलो. शेजारचा म्हनतो वारं शिरलंय अंगात. तुमचं बी त्येच दिसतंय."

"दिसतंय खरं," आबाजी म्हणाला.

"मंग बरं झालं. जोडीला कोनतरी हाय."

बुधाजीची बायको जनी चहा घेऊन आली. आबाजीच्या हातात कप थरथरेल म्हणून तिनं तो न बोलता अर्धाच भरला होता.

धोंडूबाईची तक्रार तालुक्याला पोचली. खालापूरच्या दवाखान्याचे डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी आबाजीला तपासलं, चालायला लावलं आणि मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळाच्या नावानं चिठ्ठी दिली. "कंपवात दिसतोय," ते म्हणाले. "तिकडं मेंदूचे एक प्रोफेसर आहेत. त्यांचा दाखला आणा. बसून करायचं काम देता येईल. दाखला नसला तर माझ्या हातात काही नाही."

चौसष्ट सालचा मार्गशीर्ष होता तो. बायकोनं, चंद्राबाईनं, दोन धुतलेले शर्ट आणि चार पंचे बांधून दिले. चार पंचे कशाला हे दोघांनाही माहीत होतं.

इस्पितळात प्रोफेसरांनी त्याला दहा-बारा शिकाऊ डॉक्टरांसमोर उभं केलं. चालायला लावलं, वळायला लावलं. मग काही न सांगता मागून खांदे धरून खसकन ओढलं. आबाजी ओंडक्यासारखा मागे कलला, तेव्हा एका पोरसवदा डॉक्टरानं त्याला झेललं. "पाहिलंत?" प्रोफेसर म्हणाले. "आणि हा चेहरा पाहा. मुखवटा. आत काही चाललंय की नाही, काही कळायला मार्ग नाही."

आत बरंच काही चाललं होतं. पण सांगणार कसं?

मग प्रोफेसरांनी त्याला समोर बसवून समजावून सांगितलं. माणूस मोठा विद्वान होता आणि आपल्या विषयावर बोलताना त्याचे डोळे चमकत. मेंदूच्या तळाशी काळसर रंगाचा एक लहानसा भाग असतो. या रोगात तो रंग उडतो, तो भाग झिजतो. पण हे कळतं माणूस मेल्यावर, मेंदू कापून पाहिल्यावर. जित्या माणसाच्या मेंदूत काय बदलतं, हे कुणी नीट पाहिलेलं नाही. मेंदूच्या आत पोकळ्या असतात, त्या मोठ्या होतात का, किती होतात, दर वर्षी किती वाढतात, हे त्यांना फोटो काढून पाहायचं होतं.

"तुम्ही तर आपल्याच खात्यातले," ते म्हणाले. "तुम्हाला शास्त्राचं महत्त्व मी काय सांगावं?"

आबाजीला ते ऐकून बरं वाटलं. महिन्याभरात त्याच्याशी असं कुणी बोललं नव्हतं. तरी त्यानं विचारलं, "दुखतं का साहेब?"

"फोटोच आहे तो. थोडं डोकं जड होईल."

तो सूर आबाजीच्या ओळखीचा होता. मुंगी चावल्यागत होईल, असं सांगून त्यानं स्वतः हजारो पोरांचे दंड धरले होते. समजून-उमजून त्यानं इंग्रजी कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी त्याला एका खुर्चीत उलटं बसवलं, कपाळ पुढच्या पट्टीला टेकवून, छातीला आणि डोक्याला पट्टे बांधून. मग कमरेच्या मणक्यात सुई गेली. आतलं पाणी थेंब थेंब काढायचं आणि तेवढीच हवा आत भरायची. हवा चढत चढत डोक्यात जाते, मेंदूच्या पोकळ्यांत शिरते, आणि मग एक्स-रेमध्ये त्या काळ्या दिसतात. असा तो फोटो.

हवा चढताना आबाजीला कळली. आधी मानेत काहीतरी बुडबुडलं. मग कवटीच्या आतून कुणीतरी पाचर ठोकतंय असं वाटलं. डोळे बाहेर येतील असं झालं. अंगाला घाम सुटला, आणि तो ओकला. तोंड पट्टीला टेकलेलं, डोकं बांधलेलं, त्यामुळे सगळं त्याच्याच शर्टावर, त्याच्याच मांडीवर पडलं. पुसायला हात मोकळा नव्हता. "हलू नका," कुणीतरी म्हणालं. वॉर्डबॉयनं तोंड फिरवलं. पुन्हा हवा भरली, पुन्हा खुर्ची कलती केली, पुन्हा तो ओकला. आता पोटात काही नव्हतं, हिरवं कडू पाणी तेवढं आलं.

तिथून त्याला उतरवत होते तेव्हा प्रोफेसरांनी ओली फिल्म दिव्यासमोर धरली होती. पोरसवदा डॉक्टर भोवती जमले होते. "सुंदर," प्रोफेसर म्हणाले. "इतकी सुंदर फिल्म या वर्षात मिळाली नव्हती."

आबाजी ओकाऱ्यांनी भिजलेला, चड्डीत मुतलेला, स्ट्रेचरवर पडून ते ऐकत होता. वर्षभर त्याला आपल्या देहाची किळस येत होती. त्या क्षणी ती किळस जागची हलली आणि दिव्यासमोर उभ्या असलेल्या त्या स्वच्छ, इस्त्रीच्या, साबणाचा वास येणाऱ्या माणसावर जाऊन बसली.

चार दिवस त्याला मान उचलता आली नाही. उचलली की ओकारी. पाचव्या दिवशी प्रोफेसरांनी त्याला बोलावून फिल्म दाखवली. पांढरट कवटीत फुलपाखराच्या पंखांसारखे दोन काळे डाग होते.

"ही पोकळी. तुमच्या वयाच्या मानानं मोठी आहे."

"मग आता काय करायचं?"

"आता दीड वर्षानं परत फोटो. वाढली का ते पाहायचं. तोच तर अभ्यास आहे."

"ह्यानं मी बरा..."

"बरं व्हायचं औषध अजून जगात कुणाकडे नाही, घारे. गोळ्या देतो, लाळ कमी होईल."

आबाजीनं फिल्मवरची नजर काढली. मग त्यानं दाखल्याचा विषय काढला. प्रोफेसरांनी कागद पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि मध्येच थांबून विचारलं, "तुम्ही गावोगाव फिरता. असे हात कापणारे आणखी कुणी पाहण्यात आहेत का? मला बारा हवेत. सात झालेत."

कुणी धमकी दिली नव्हती. दाखल्याचा आणि त्या प्रश्नाचा संबंध आहे असंही कुणी म्हणालं नव्हतं. पेनचं टोपण तेवढं उघडं होतं.

"एक आहे," आबाजी म्हणाला. "कुंभिवलीला."

प्रोफेसरांनी दाखल्यावर सही केली.

पुढच्या आठवड्यात आबाजी बुधाजीच्या घरी गेला. झोडणी उरकली होती, अंगणात पेंढ्याची उडवी रचलेली होती. बुधाजी ओटीवर बसून दोरी वळायचा प्रयत्न करत होता. दोरी वळत नव्हती. आबाजीनं त्याला इस्पितळाचं सांगितलं. मोठे डॉक्टर आहेत, मेंदूचा फोटो काढतात, गोळ्या देतात.

"तुमचा काडला?"

"काडला."

"दुखतंय का?"

आबाजीच्या घशाशी त्या हिरव्या पाण्याची चव आली. "नाय," तो म्हणाला. "फोटोच हाय तो. थोडं डोकं जड होतं."

खोटं बोलताना माणसाचा चेहरा कुठंतरी हलतो. आबाजीचा हलला नाही. बुधाजी त्याच्याकडे नीट पाहत होता, जनी दारात उभी राहून पाहत होती, आणि दोघांना तिथं काही दिसलं नाही.

"तुमी सांगताय म्हंजे जातो," बुधाजी म्हणाला. "तुमी काय वंगाळ सांगनार नाय."

आबाजीनं स्वतः हमरस्त्यावर येऊन दोघांना मुंबईच्या एस.टी.त बसवलं. खिडकीतून बुधाजीनं आपला कापणारा हात हलवला. एस.टी. गेल्यावर आबाजी रस्त्याकडेच्या चिंचेखाली बसला आणि पोटात काही नसताना दोनदा ओकला.

त्याला खालापूरच्या दवाखान्यात बसून करायचं काम मिळालं होतं. लशीची पेटी बर्फावर ठेवायची, कुप्या वाटून द्यायच्या, आलेल्या-गेलेल्यांना खोली दाखवायची. गावं फिरायची नव्हती, त्यामुळे कुंभिवलीला जायचं नव्हतं. तो गेला नाही. एक महिना, दोन महिने. पण जनी आली.

माघातला दिवस होता. दवाखान्याच्या पायरीशी ती उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सात दिस वकत व्हता," ती म्हणाली. "भिताडावर डोकं आपटून घेत व्हता. मी म्हनलं, मारताय का माज्या दादल्याला, तर मला भायेर काडलं. आता उठून बसतो. पन पयल्यासारका नाय ऱ्हायला. रातचा कूस बदलाया मी लागते."

आबाजी उभाच होता.

"तुमचा फोटो आदी निगाला व्हता ना?"

"व्हय."

"मंग तुमाला म्हाईत व्हतं."

 जनीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तोंडातली मिसरी पायरीवर पचकन थुंकली आणि निघून गेली. दवाखान्याच्या पायरीवर थुंकणाऱ्यांना आबाजी एरवी फैलावर घ्यायचा. त्यानं आतून तांब्याभर पाणी आणलं आणि खाली बसून, कापत्या हातानं, पायरी धुतली. शिपाई म्हणाला, "घारे, मी करतो." आबाजी म्हणाला, "नको. ते माझं आहे."

त्या रात्रीपासून त्याला जेवण जाईना. चंद्राबाईनं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती पंच्यांच्या घड्या करत बसली. मग म्हणाली, "जाऊन सांगा तरी त्याला."

"काय सांगू?"

"ते मी काय सांगनार? तोंड तुमचं हाय."

तो गेला नाही. जाईन जाईन म्हणत पावसाळा गेला, दिवाळी गेली. किळसही माणसाच्या अंगवळणी पडते. सकाळी उठून चूळ भरावी तशी तो रोज ती बाहेर टाकायचा आणि रोज ती परत भरायची.

सहासष्टच्या जून महिन्यात प्रोफेसर स्वतः खालापूरला आले. मोटार दवाखान्यासमोर उभी राहिली. सोबत एक मदतनीस, हातात फिल्मचं पाकीट. दवाखान्याच्या डॉक्टरांनी खुर्ची दिली, चहा मागवला.

"पत्रं पाठवली, तुम्ही आला नाहीत," प्रोफेसर आबाजीला म्हणाले, पण रागानं नाही. "दुसरा फोटो राहिलाय. दीड वर्ष झालं. पहिला एकटा काय कामाचा? बदल कळायचा तर दोन हवेत. आणि त्या कुंभिवलीच्या गृहस्थालाही घ्यायचंय. पत्ता तुम्ही दाखवा."

आबाजी गाडीत बसला. नाही म्हणायचं हे त्यानं ठरवलं होतं, पण ते इथं बोलायचं नव्हतं. वाटेत प्रोफेसर आपल्या अभ्यासाबद्दल बोलत होते. परदेशात निबंध वाचायचा होता. अकरा फिल्म झाल्या होत्या. मध्ये एक रुग्ण वारला, त्यामुळे आकडा बिघडला होता. आबाजी खिडकीबाहेर पाहत होता. साबणाचा तोच वास गाडीत भरून राहिला होता, आणि त्याला काच खाली करून तोंड बाहेर काढावंसं वाटत होतं.

बुधाजी ओटीवर बसला होता. दीड वर्षात तो अर्धा झाला होता. आबाजीला पाहून त्यानं मान थोडी उचलली. जनी दारात आली. बसा म्हणाली नाही, पाणी विचारलं नाही.

प्रोफेसर अंगणात उभे राहून बोलले. सरकारी माणसासारखे नाही, अगदी गोड बोलले. दोनच दिवसांचं काम आहे, गाडीनं नेऊ, गाडीनं आणू. थोडं डोकं दुखेल. बुधाजी ऐकत होता, त्याची बोटं एकमेकांवर घासत होती. शेवटी प्रोफेसर वळून म्हणाले, "घारे, तुम्ही सांगा यांना. तुमचं ऐकतात."

"हो," आबाजी म्हणाला. "सांगतो."

त्याचा आवाजही आताशा खाली गेला होता, एकसुरी, पुटपुटल्यासारखा. म्हणून तो ओटीजवळ गेला आणि बुधाजीच्या समोर उकिडवा बसला.

"बुधाजी, मी तुला खोटं सांगितलं व्हतं. दुखतं हे मला म्हाईत व्हतं. माझ्या अंगावर मी वकलो व्हतो, मुतलो व्हतो. चार दिवस डोकं उचलता आलं नाय. तुला सांगायला आलो तवा माझी मान अजून दुखत व्हती. मला दाखला पायजे व्हता, त्याच्यासाठी मी तुला दिला. आन ऐक. ह्या फोटोनं तू बरा व्हनार नायस. मीबी व्हनार नाय. पयल्यानं झाला नायस, दुसऱ्यानंबी नाय. त्यांना बगायचंय डोक्यातली पोकळी वाढली का. बास. तेवढंच हाय त्यात."

बोलता बोलता लाळ हनुवटीवरून खाली आली. त्यानं ती पुसली नाही.

"घारे," प्रोफेसर म्हणाले, "तुम्ही खात्यातले माणूस आहात."

"व्हय साहेब. म्हनूनच तो माझं ऐकून आला व्हता."

प्रोफेसर क्षणभर त्याच्याकडे पाहत राहिले. त्या लाकडी चेहऱ्यावर त्यांना राग शोधायचा असेल, तर तो सापडला नाही. मग ते मदतनिसाला इंग्रजीत काहीतरी म्हणाले. रोग मनावरही परिणाम करतो, असं काहीतरी. मदतनिसानं वहीत लिहून घेतलं.

बुधाजीनं इतक्या वेळानं तोंड उघडलं. "साहेब, माज्या डोक्यात काय दिसलं म्हनता?"

प्रोफेसरांचे डोळे पुन्हा चमकले. "पोकळी. वयाच्या मानानं बरीच मोठी."

"पोकळी म्हंजे जितं काय नसतं ती जागा?"

"तसंच म्हणा."

"मंग काय नाय त्ये बगाया परत कशाला येऊ?" बुधाजी म्हणाला आणि भिंतीला टेकला.

गाडी परत गेली. आबाजी तिच्यात बसला नाही. तो अंगणातच उभा राहिला, कारण उकिडवा बसून उठल्यावर त्याचे पाय जमिनीला चिकटले होते आणि पहिलं पाऊल पडत नव्हतं. जनी दारातून पाहत होती.

"खरं बोलाया दीड वरीस लागलं तुमाला," ती म्हणाली.

"व्हय."

"आनी कुनाकुनाला न्हेलंत?"

"कोनाला नाय. ह्याला एकट्याला."

"एकट्याला," ती म्हणाली आणि आत गेली.

प्रोफेसरांनी सूड वगैरे घेतला नाही. एवढ्या मोठ्या माणसाला तेवढी फुरसत नसते. हलक्या कामाचा दाखला दर वर्षी नवा लागायचा. त्या वर्षी इस्पितळातून ओळभर उत्तर आलं, की रुग्ण तपासणीला सहकार्य करत नसल्यानं दाखला देता येत नाही. दवाखान्याच्या डॉक्टरांनी वर दोनदा लिहिलं, पण दिवाळीच्या आत आबाजीला कामास अपात्र ठरवून घरी बसवलं. शेवटच्या दिवशी त्यानं लशीची पेटी धुऊन, पुसून, उलटी करून उन्हात ठेवली.

"गेली तर गेली," चंद्राबाई म्हणाली. "ताठ मानेनं घरी बसा." मग त्याच्या वाकलेल्या मानेकडे पाहून चुलीकडे वळली.

दर बुधवारी तो कुंभिवलीला चालत जाऊ लागला. दोन-अडीच मैलांना त्याला अर्धा दिवस लागायचा. ओटीच्या कडेला बसायचा. पहिले कित्येक बुधवार बुधाजी त्याच्याशी बोलला नाही. मग एके दिवशी, गोठ्यात गाय व्याली तेव्हा, आपणहून म्हणाला, "पाडी झाली." तिथून ते बोलू लागले. भाताबद्दल, रसायनीला कारखान्यात लागलेल्या पुतण्याबद्दल, कुणाचे पाय जास्त अडतात याबद्दल. फोटोचा विषय दोघांनी पुन्हा काढला नाही. क्षमेचाही नाही. जनी तेवढा वेळ परसात काम काढून बसायची.

अडुसष्टच्या पौषात बुधाजी गेला. शेवटी त्याला घास गिळता येत नव्हता, छातीत कफ भरला. आबाजी मातीला गेला होता. लोकांनी त्याला बाजूला उभं राहू दिलं.

त्यानंतर वीस-बावीस दिवसांनी, दुपारची, जनी खालापूरला त्याच्या खोलीवर आली. कनवटीतून एक पाकीट काढून तिनं त्याच्यासमोर धरलं.

"टपालवाल्यानं दिलं. गावात कुनाला वाचता येईना. इंग्रजी हाय."

आबाजीनं ते उघडायला खूप वेळ घेतला. टाइप केलेल्या चार ओळी होत्या. त्यानं त्या मनात वाचल्या, मग सावकाश मराठीत सांगितल्या. "रुग्ण क्रमांक आठ यांनी दुसऱ्या फोटोसाठी येत्या सोमवारी सकाळी आठ वाजता रिकाम्या पोटी हजर राहावं."

"आठ कोन?"

"बुधाजी."

जनी भिंतीला धरून खाली बसली. चंद्राबाई चुलीपुढून उठून तिच्याजवळ येऊन बसली.  मग जनी म्हणाली, "लिवा त्यास्नी."

चंद्राबाईनं फळीवरून कोरं कार्ड आणि दौत काढली. पाटावर कार्ड ठेवून तिनं दोन्ही हातांनी त्याच्या कडा दाबून धरल्या. दोन वर्षांत आबाजीचं अक्षर बारीक होत गेलं होतं. ओळीच्या सुरुवातीला अक्षर धड असायचं, शेवटाला जाईतो मुंगीएवढं व्हायचं. त्यानं उजवं मनगट डाव्या हातानं धरलं, मागे इस्पितळाचा पत्ता लिहिला आणि मग पुढच्या बाजूला लिहायला लागला. एक शब्द लिहायचा, थांबायचा, पुन्हा टाक टेकवायचा. बाहेर रस्त्यावरून दोन ट्रक गेले, तिसरा गेला. जनी टाकाच्या टोकाकडे पाहत होती.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

"वाचा."

त्यानं वाचलं. "बुधाजी नागू ठोंबरे, राहणार कुंभिवली, तालुका खालापूर, जिल्हा कुलाबा, हे पौष वद्य तृतीयेस वारले."

"येवडंच?"

"येवडंच."

जनीला वाचता येत नव्हतं. तरी तिनं कार्ड हातात घेऊन पाहिलं. पहिला शब्द भाताच्या दाण्याएवढा होता, शेवटचा तिळाएवढा. त्याखाली सगळं कार्ड कोरं होतं. तिनं पहिल्या शब्दावर बोट न टेकवता बोट धरलं.

"ह्ये नाव?"

"हां. बुधाजी."

"मोटं आलंय," ती म्हणाली.

शाई अजून ओली होती. तिला पदर लागू नये म्हणून जनीनं कार्ड तळहातावर आडवं धरलं आणि उन्हातून, पायाखाली न पाहता, ती टपालपेटीकडे चालत गेली.